आमच्या रानातला मेंढका

"आदी त्येंचं हूं द्या."

चहाचा कप पुढे केला की तो असं म्हणायचा. 'त्येंचं' म्हणजे मेंढरांचं. तोवर चहावर साय धरायची. ती बोटाने काढून तो कुत्र्याला चाटवायचा आणि गार चहा एका दमात संपवायचा.

माण तालुक्यातले मेंढके रस्त्याकडेने जाताना तुम्हीही पाहिले असतील. हा दर हिवाळ्यात उंब्रजला आमच्या रानात मेंढरं बसवायला यायचा. रानाला खत मिळायचं आणि मला बोलायला माणूस. एकदा मी त्याला नवा स्वेटर दिला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर तो एका आजारी मेंढीच्या अंगात!

"आप्पा, तिला लय शोभतोय. आमाला कसली थंडी?"

मी रागावलो, तसा तो आणखीच हसला. यंदा रान मोकळं पडलंय. तरी मी संध्याकाळी बांधावर जाऊन बसतो. फार आठवण येते त्याची.

गेल्या हिवाळ्यात अवकाळी पावसाने रात्रभर झोडपलं. त्याने ताडपत्री आणि घोंगडी नुकत्याच जन्मलेल्या कोकरांवर घातली आणि स्वतः उघड्यावर भिजत बसला. सकाळी त्याच्या बायकोला तो ताठलेला सापडला, हाकेला ओ देईना. गारठलेल्या कोकराला हे लोक पोत्याने खसाखसा चोळून शेकोटीजवळ धरतात आणि ते उठून उभं राहतं. तिने आणि दिराने त्यालाही तसंच चोळलं. मी गाडी घेऊन पोहोचलो तेव्हा श्वास जेमतेम चालू होता.

कराडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला बाजूला केलं.

"एवढ्या गारठलेल्या माणसाला चोळायचं नसतं. जरा हिसका बसला तरी हृदयाचा ताल बिघडतो."

गरम सलाईन लावलं, गरम हवेचं पांघरूण घातलं. अंगात ऊब येऊ लागली आणि तेवढ्यातच ठोके भरकटले. शॉक दिले. हृदय सुरू व्हायचं, पुन्हा थांबायचं. "अंग गार आहे तोवर गेला म्हणता येत नाही," असं म्हणत ते छाती दाबत राहिले. मीही मनात त्याला हाका मारत होतो.

बायकोने दारातून विचारलं, "आमी चोळलं म्हून झालं का वं?"

"नाही, ताई. रात्रभर भिजले म्हणून झालं," डॉक्टर म्हणाले.

दुपारपर्यंत अंग पुरतं तापलं. हृदय मात्र पुन्हा चालू झालं नाही. डॉक्टरांनी हात थांबवले, माझ्याकडे बघून मान हलवली.

ती आत आली तेव्हा तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. तिने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"आवं आप्पा, हात ऊन लागतोय त्येंचा! आता उठत्यालच."