दहा दिवसांचा महिना

मोबाईलवर एक बोट चुकलं आणि आमच्या घरचा महिन्याचा खर्च अख्ख्या भावकीला कळला.

पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीनं माझ्या फोनमध्ये खर्च लिहायचं ॲप घालून दिलं होतं. महिना संपला की त्याचा अहवाल तिला पाठवायचा, असं ठरलेलं. मी तो शाळेच्या ऑफिसात बसून, चष्मा न लावता पाठवला. सगळ्यात वर लेकीचं नाव होतं, त्यावर टाकला. पण मधल्या क्षणात भावकीच्या ग्रुपवर कुणीतरी सुप्रभात म्हटलं, लेक एक पायरी खाली गेली आणि भावकी वर आली. काढून टाकायचं कसं, हे विचारायला मी शिपायाकडं गेलो, तोवर सतरा जणांनी बघितलं होतं.

मी बारामतीतल्या एका हायस्कुलात लेखनिक आहे. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या पैशाची वजाबाकी बिनचूक केली. माझा स्वतःचा पगार मात्र एक तारखेला असतो आणि वीस तारखेला नसतो, मधे काय झालं याला साक्षीदार नाही. लेकीच्या आग्रहावरून आधी खिशातली डायरी करून पाहिली, ती शर्टाबरोबर धुतली गेली. मग पाकिटं केली. किराण्याचं पाकीट पेट्रोलच्या पाकिटाकडून उसनं घेऊ लागलं, ते कधी परत करेना. म्हणून ॲप.

ॲपात लेकीनं खाती पाडून दिली होती. घरखर्च, प्रवास, औषध, गाई, आणि एक ‘वायफळ’. माझा टपरीचा चहा आणि मिसळ तिथं जायची, ते मला मान्य होतं. पण आहेराला कुठंच जागा नव्हती. चुलत्यांच्या नातीच्या लग्नात आम्ही पाचशे एक दिलेले. मी बराच वेळ बोट हवेत धरलं आणि शेवटी ते वायफळात टाकले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी आठाला तेच चुलते, आमचे तात्या, बारामतीजवळ कन्हेरीच्या आमच्या घरी हजर. ओसरीवर बसले, पाणी प्याले आणि खिशातून एक पाकीट काढून बायकोच्या पुढं धरलं.

“सूनबाई, हे घ्या. पाचशे एक हायत. तुमचं वायफळ गेलं होतं.”

बायकोला ग्रुपचं काही माहीत नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी चपला बघितल्या.

“आन् भाऊसाहेब,” तात्या माझ्याकडं वळले. शाळेच्या कारकुनाला मान देताना भाऊसाहेब म्हणतात. मान द्यायचा नसतानाही म्हणतात. “गाईंचा आकडा तुमी लाल रंगात टाकलाय. खाली पोरीसाठी लिवलंय, ‘आईशी बोलतो, विकून टाकू’. मग गिऱ्हाईक बघू का? शेळगावात एक जण हाय.”

चहा होईपर्यंत तात्या थांबले नाहीत. पाकीट ओसरीवर ठेवून गेले.

दोन गाई. पहिली कालवड बायकोच्या माहेराहून, त्याच शेळगावातून आलेली. आताच्या दोघी तिच्याच वंशातल्या. त्यांचं दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जातं आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. तो पगार बायको घेते. वीस वर्षं त्या पगारावर आमचं घर चाललेलं मी बघत होतो आणि ते माझ्या पगारावर चालतं असं समजत होतो.

मला वाटलं, आता भांडण होणार. मी उत्तरं तयार ठेवली होती. तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

त्या कॅलेंडरकडं मी इतकी वर्षं एकादशी बघायला जात होतो. आता नीट बघितलं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात दोन आकडे, वर सकाळचं दूध, खाली संध्याकाळचं. दहा, वीस आणि महिनाअखेर, या तारखांखाली आडवी रेघ आणि डेअरीतून आलेली रक्कम. पानामागं पेंडीची पोती, डॉक्टर, आणि त्या दहा दिवसांत घरात काय आलं ते. तेल. फी. माझी बीपीची गोळी. पेट्रोल, ‘ह्यांना’. ‘ह्यांना’ हा शब्द प्रत्येक वीस तारखेनंतरच्या नोंदीत होता.

“ॲपात पेंड लिवली व्हय?” तिनं विचारलं.

“लिहिली.”

“घरात पेतो त्ये दूध?”

लिहिलं नव्हतं. त्याला पैसे कुठं पडतात?

“आपल्या उसाला घातलं त्ये शेणखत? दोन ट्रॉल्या. तात्यांनी त्येंच्या उसाला इकत आनलं, ईचारा त्यांना काय पडलं.”

मी फोन काढला आणि लिहायला बसलो. घरचं दूध जमेला धरायला गेलो तर ॲप विचारायचं, पैसे कोणत्या खात्यात आले? खतालाही तेच. जे हातातून हातात गेलं नाही, ते झालंच नाही, असा त्याचा बाणा. शेवटी मी पाठकोऱ्या कागदावर बेरीज मांडली. लाल आकडा गेला. फार काही उरत नव्हतं, पण उरत होतं. पंचवीस वर्षांच्या लेखनिकानं निम्मी जमाच धरली नव्हती.

लेकीला फोन लावला, स्पीकरवर. तीही माझीच पोर, आकड्यांना पक्की. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाबा, आईची मजुरी धरली का? पहाटेपासून राबते ती. तिचे गुडघे बघा. मजुरी धरली तर तोटाच आहे.”

हे खरं होतं. आणि ती सांगत होती ते आईसाठीच, हेही कळत होतं. मी बायकोकडं बघितलं. ती कणीक मळत होती, तिथूनच बोलली.

“माझी मजुरी मी घेती की दर दहा दिसाला. दुखतंय त्ये मला कळतंय, दुखलं तर मी सांगीन. पर गाई गेल्या की मिठाच्या पुड्याला तुज्या बापाफुडं हात पसरायचा. त्याचा वीस तारखंनंतर हातच रिकामा. मग त्यो कुनाफुडं पसरनार?”

मग लेक म्हणाली, “बाबा, तुमचं काय म्हणणं?”

माझं म्हणणं मी पहिल्यांदाच ठामपणे सांगितलं. गाई विकायच्या नाहीत. ॲप आजच्या आज काढतो. महिन्याचं बजेट तू पुण्यात कर, तिथं महिना तीस दिवसांचा असतो. आमच्याकडं तो दहा दिवसांचा आहे, आणि यापुढं माझा पगारही त्याच कॅलेंडरवर तीन तुकडे करून लिहिला जाईल.

“मागास म्हणतील तुम्हाला.”

“म्हणू देत. सतरा जणांनी माझी मिसळ वाचली आहे, आता मला कसली लाज?”

ती हसली, पण पटलं नव्हतं. अजूनही पटलेलं नाही. दर फोनला गुडघ्यांचं विचारते, आणि विचारावंच. ऑफिसातले मास्तर लोक आपापली ॲपं दाखवतात, रंगीत गोल, त्याला पाडलेल्या फोडी. मी बघतो, छान म्हणतो आणि घेत नाही. ज्या हिशोबात घरचं दूध मावत नाही, तो हिशोब मी ठेवणार नाही. नोकरीत मला सांगतील तसं लिहावं लागतं. घरात मी तसं लिहिणार नाही.

त्या रविवारी ॲप काढून टाकल्यावर मी कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं, बोटांवरची धूळ झटकली आणि काहीतरी मोठं काम केल्यासारखा बायकोपुढं उभा राहिलो. तिनं ओसरीवरचं तात्यांचं पाकीट आणून माझ्या हातात दिलं.

“आत्ता जावा, त्यास्नी हे परत द्या. सांगा, गिऱ्हाईक बघू नगा, गाई हितंच हायत. आन् जाताना नातजावयाला टोपी-टॉवेल न्या, ल्हान तोंड करून. त्येचं पैसं माझ्या दहा दिसातलं न्हाय मिळायचं. तुमच्या चहातनं काढा.”