कोण म्हणे?

मोठ्या काकूचं आणि आईचं भांडण जुंपलं तेव्हा ती दाराआड, धुतलेल्या चादरींच्या ढिगात बसली होती. पोर लहान, पण कान मोठे. भांडण कशावरून, तर आईची पाठ दुखते यावरून. काकू शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "आमच्या धाकट्या बाईसाहेबांची पाठ दुखते म्हणे!"

बास, एवढंच. शिवी नाही, शाप नाही. पण त्या शेवटच्या 'म्हणे'ने आईची पाठ खोटी पडली. आई चिडली, रडली, तिने वाकून दाखवलं, डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. जितकं पटवायला जावं तितकी ती आणखीच खोटी दिसायला लागली. काकूचं आपलं एकच, "मी कुठे काय म्हटलं? मी कुणाचं नाव घेतलं?" शेवटी आई गप्प बसली, ती कायमचीच. चादरींतल्या पोरीला एक मात्र कळेना. एवढा आटापिटा करण्यापेक्षा आईने सरळ विचारलं का नाही, कोण म्हणे?

पुढे ती पोर रफूवाली झाली, आणि हा प्रश्न तिच्या तोंडात असा बसला की लोकांनी तिचं नावच पाडलं, कोणम्हणे. नवरा बस चालवायचा. तो म्हणायचा, "हिच्यासमोर आज ऊन आहे म्हणे असं म्हणायचीसुद्धा सोय नाही."

एखाद्याचं नाव खराब करायला शब्द काय, ढिगाने मिळतात. पण लबाड म्हटलं, चोर म्हटलं, तर काय चोरलं ते सांगावं लागतं. 'म्हणे'ला काहीच सांगावं लागत नाही. 'असेल बाई' आणि 'आपल्याला काय करायचंय' ही त्याची सख्खी भावंडं. तिघं मिळून एखाद्याचं घर बुडवतात आणि हात झटकून मोकळी होतात.

तिची जागा जिन्याखाली. एक खिडकी, एक स्टूल, भिंतीला खुंट्या. कपड्याच्याच आतल्या दुमडीतले धागे ओढून काढायचे आणि भोकावर एक उभा, एक आडवा असे विणत जायचे. काम झालं की ना भोक दिसायचं, ना रफू. तिथेच तर घोळ झाला.

बेकरीवाल्याच्या राखाडी कोटावर भट्टीतली ठिणगी पडून छातीशी भोक पडलं होतं. बेकरीवालीने कोट आणून दिला, रफू झाल्यावर नेला. थंडी आली, बेकरीवाल्याने कोट चढवला, तर बटण लागेना. वर्षभर स्वतःचाच पाव खाऊन माणूस फुगला होता, पण ते त्याला सांगणार कोण? बायकोने कोट उलटापालटा करून पाहिला. भोकाचा मागमूस नाही. मग तिच्या डोक्यात आलं, हा कोट आपला नव्हेच.

"कोट बदलतात म्हणे," ती पहिल्याच गिऱ्हाइकाला म्हणाली.

बेकरीत सगळी गल्ली यायची. पावाबरोबर 'म्हणे' फुकट. संध्याकाळी ही गोष्ट गल्लीभर फिरून परत बेकरीत येईपर्यंत एका कोटाचे बरेच कोट झाले होते. "चांगला ठेवून घेते आणि तसाच दिसणारा जुना गळ्यात मारते म्हणे." तिच्याकडे काम पाठवणारे शिंपीकाका पाठवायचे थांबले. खुंट्या रिकाम्या झाल्या. कुणी आलंच तर दिलेला कपडा परत न्यायला. "राहू दे. भोक काय एवढं मोठं नाही."

नणंद म्हणाली, "वहिनी, गप्प बसा. थोड्या दिवसांनी लोक विसरतात."

"माझी आई गप्प बसली होती," ती म्हणाली, आणि चपला पायांत सरकवून निघाली.

बेकरीची रांग दाराबाहेर आली होती. तिने शेवटच्या बाईपासून सुरुवात केली. "मी कोट बदलते, कोण म्हणे?"

बाई गडबडली. "मला हिने सांगितलं." ही पुढेच उभी होती. तिने शिंपीकाकांकडे बोट केलं. शिंपीकाकांनी घसा साफ केला आणि बेकरीवालीकडे पाहिलं.

"लोक म्हणतात," बेकरीवाली म्हणाली.

"लोक सगळे इथेच उभे आहेत. विचारा."

रांगेतले सगळे पावांकडे बघू लागले.

"कोट आणा."

कोट आला. तिने तो पावांशेजारी पसरला, छातीशी बोटाने चाचपलं आणि सुई एका धाग्याखाली घातली.

"अहो, करताय काय!"

"तुमचं भोक शोधतेय."

एकेक धागा बाहेर येऊ लागला. इतकं चांगलं काम आपल्याच हाताने उसवताना तिने ओठ दाताखाली धरला होता, पण हात थांबला नाही. भोक उघडलं. कडेला जळल्याची तपकिरी रेघ तशीच होती.

"घ्या. कोटही तुमचा, भोकही तुमचं."

बेकरीवाल्याने भोकात बोट घालून पाहिलं. "आपलंच आहे गं!" तो म्हणाला, हरवलेला भाचा सापडावा तसा.

"मग बटण का लागत नाही?"

"ते पोटाला विचारा!" रांगेतून कुणीतरी ओरडलं, आणि सगळी बेकरी हसली.

बेकरीवाली हळूच म्हणाली, "आता परत नीट करून द्या."

"देईन. आधी म्हणा, कोट आमचाच आहे. मोठ्याने, आणि 'म्हणे' न लावता."

"कोट आमचाच आहे म्ह..." बेकरीवालीने जीभ चावली. "आमचाच आहे!"

खुंट्या पुन्हा भरल्या. ज्यांनी कपडे परत नेले होते त्यांना तिने खुशाल ताटकळत ठेवलं. शिंपीकाका म्हणाले, "आतून एखादा लाल टाका ठेवत जा, पुरावा राहील."

"का म्हणून? ज्याला शंका आहे त्याने माझ्यासमोर येऊन विचारावं." लाल टाका तिने कधीच घातला नाही.

तिची शेवटची फेरी बेकरीचीच झाली. तोवर दोघी म्हाताऱ्या झाल्या होत्या, 'अहो'चं 'अगं' झालं होतं. तिने बेकरीवालीचं स्वेटर काउंटरवर ठेवलं. बेकरीवालीने चष्मा लावून कोपराशी नेहमीसारखी शोधाशोध केली.

"सापडत नाही बाई."

"मग भोक नव्हतंच म्हणे," ती म्हणाली.

बेकरीवाली हसली, मग तिच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. "अगं, डॉक्टरांनी तुला उठायचं नाही असं सांगितलंय म्हणे?"

"कोण म्हणे?"

तिने पाव काखेत धरला आणि कठडा न पकडता पायऱ्या उतरून गेली.