हंसाबेनच्या दुकानातला कॉलम

शुभदा टिपणीस आईला घेऊन गोडदेवला राहायला आली तेव्हा तिची चाळिशी उलटून गेली होती. दादरची भाड्याची जागा सोडावी लागली, आणि काशीमीऱ्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिला शिकवायची नोकरी मिळाली. लग्न केलं नव्हतं. आईचं दुखणं आणि नोकरी यांत ते राहूनच गेलं. पुढे आईही गेली. त्यानंतर शुभदा सकाळी निघताना रेडिओ चालूच ठेवू लागली. संध्याकाळी कुलूप उघडलं की घरात निदान कुणाचातरी आवाज असायचा.

शेजारी हंसाबेन राहायच्या. त्या विधवा होत्या, आणि राज हा त्यांचा एकुलता एक मुलगा. आईचे दिवस झाल्यावर पाहुणे पांगले, त्या संध्याकाळी हंसाबेन खिचडी-कढी घेऊन आल्या. "एकटीसाठी काय गॅस पेटवतेस?" म्हणाल्या आणि शेजारी बसून राहिल्या. शुभदा तेव्हा पहिल्यांदा मोकळेपणी रडली. मग रोजचा संध्याकाळचा चहा हंसाबेनकडेच होऊ लागला. चहा, एखादी मालिका, थोड्या गप्पा. शुभदाच्या दिवसातला बोलका भाग तेवढाच.

कॉलेजात ती आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचं बांधकाम, शिकवायची. मुलांना कॉलम कंटाळवाणा वाटे. उभा खांब, वरून भार, बाकी नुसती गणितं. म्हणून २००६ साली तिने मुलांकडून दोन छोटे कॉलम ओतून घेतले. दोन्हींत उभ्या सळया सारख्याच होत्या. त्यांना बांधणाऱ्या रिंगा एकात लांब लांब होत्या, दुसऱ्यात जवळ जवळ. दोन्ही एकामागून एक दाब देणाऱ्या मशीनखाली घातले. पहिला भार घेत गेला, घेत गेला आणि धाडकन फुटला. दोन रिंगांच्या मधल्या सळया बाहेर वाकल्या होत्या. दुसऱ्याला आधी भेगा पडल्या, मग वरचं काँक्रीट ढलप्यांनी गळून पडलं, तरी तो उभाच होता.

"मॅडम, हा मोडला म्हणायचा की नाही?" इशिता नावाच्या मुलीने विचारलं.

"वरचा थर गेला. आतला गाभा रिंगांनी धरून ठेवलाय. हा माणसांना बाहेर पडायला वेळ देतो. पहिला देत नाही."

त्याच आठवड्यात ती घरी परतत होती. इमारतीच्या तळमजल्यावर हंसाबेनचा एक गाळा होता. त्याचं शटर अर्धं उघडं होतं आणि आतून हातोड्याचे आवाज येत होते. तिने वाकून पाहिलं.

"या ना आंटी!" राज खुशीत होता. "मोबाइलचं दुकान टाकतोय. हा पिलर मध्ये येतो, काउंटर बसत नाही. म्हणून थोडा छिलतोय."

एका बाजूचं काँक्रीट पार फोडलेलं होतं. गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या. आड येणाऱ्या रिंगा कामगारांनी कापून टाकल्या होत्या. शुभदा शटरखालून आत शिरली. याच कॉलमवर वर हंसाबेनचं स्वयंपाकघर होतं, आणि तिचं स्वतःचंही.

"थांबवा. आत्ताच्या आत्ता थांबवा!"

"मिस्त्री बोलला, काय नाय होत."

ती तशीच वर गेली. हंसाबेन चहा गाळत होत्या.

"राजचं पहिलंच काम आहे, शुभदा. मुहूर्त पण काढलाय. नंतर बघू ना."

"नंतर बघायला आपण जिवंत राहायला हवं. तुमच्या मुलाने कॉलमच्या रिंगा कापल्यात. कळतंय का तुम्हाला त्याचा अर्थ?"

हंसाबेनचा हात थांबला. "माझ्या घरात असं अभद्र बोलू नकोस."

शुभदा चहा न घेता निघाली. सोसायटीचे सेक्रेटरी शशिकांत आधी म्हणाले, "शेजाऱ्यापाजाऱ्यांत कशाला वाकडं घ्यायचं, मॅडम?" ती त्यांना हाताला धरून खाली घेऊन गेली. उघड्या सळया आणि कापलेल्या रिंगा दाखवल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी तिने महापालिकेत तक्रार दिली. तिथला इंजिनिअर आला, काम बंद झालं, बीमखाली लोखंडी टेकू लागले. त्या बाजूच्या घरांतली माणसं काही दिवस नातेवाइकांकडे राहिली आणि तिच्या नावाने बोटं मोडत राहिली. नव्या सळया, नव्या रिंगा आणि भोवती नवं काँक्रीट घालून कॉलम मजबूत केला. तो आता पहिल्यापेक्षा जाड झाला. काउंटर काही बसला नाही. राजने दुकानाचा नाद सोडला आणि मालाडला एका शोरूममध्ये नोकरी धरली.

इमारत होती तशीच उभी राहिली. जे घडलंच नाही, त्याबद्दल कोण कुणाचे आभार मानणार?

हंसाबेनचं दार बंद झालं. दिवाळीला शुभदा फराळाचं ताट घेऊन गेली, तर राज दारातच म्हणाला, "मम्मी झोपलीय." आतून मालिकेचा आवाज येत होता. मग ती संध्याकाळी कॉलेजच्या लायब्ररीतच बसू लागली, शिपाई दिवे घालवायला येईपर्यंत.

दोनेक वर्षांनी राजचं लग्न ठरलं आणि त्यांनी नालासोपाऱ्याला मोठं घर घेतलं. सामानाचा टेम्पो खाली लागला होता, तेव्हा शुभदाच्या दाराची बेल वाजली. दारात हंसाबेन होत्या.

"तू बरोबर होतीस," त्या म्हणाल्या. "राजला पण आता पटतं. पण त्या दिवशी तू वर्गात बोलतात तशी बोललीस. माझ्याशी."

"घाबरले होते मी, हंसाबेन. तुमच्यासाठीच."

"मग तसं सांगायचं होतं ना, शुभदा."

खालून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. हंसाबेननी तिच्या गालावरून हात फिरवला आणि कठड्याला धरून हळूहळू जिना उतरू लागल्या. शुभदाला वाटलं, खालपर्यंत सोबत जावं. पण ती दारातच उभी राहिली. टेम्पो गोडदेवच्या नाक्याकडे वळल्याचा आवाज आला, तशी ती आत गेली.