राजूरकरची सायटेशन्स

"मॅडम, राजूरकरचं नाव पक्कं करून टाका. सायटेशन पाहा न त्याचे!" डायरेक्टर साहेब खुशीत होते. दुपारी निवड समिती बसणार होती.

तेलीबांध्याच्या त्या शेती संशोधन संस्थेत मी लायब्रेरियन होते. शेजारचं हे राज्य नुकतंच वेगळं झालेलं, संस्था नवी आणि साहेबांना आकड्यांचा भारी शौक. कोणाला परमनंट करायचं म्हटलं की त्याचे आकडे मी काढायचे. सायटेशन म्हणजे दुसऱ्या संशोधकाने आपल्या पेपरमध्ये तुमच्या पेपरचा दाखला देणं. डाउनलोड म्हणजे फाइल उतरवून घेणं. ती वाचली की नाही, ते कॉम्प्युटरला कळत नाही.

राजूरकर कंत्राटावर होता. पानाचा फोटो पाहून धानाचा रोग ओळखायची पद्धत त्याने काढली होती. त्या पेपरचे डाउनलोड भरपूर, कारण वर्गात तो तोच पेपर शिकवायचा आणि मधेच नेट गेलं की पोट्टे पुन्हा उतरवायचे. पण इतकी सायटेशन्स कशी? दाखला देणारे पेपर मी उघडून बसले. बहुतेकांचा सूर एकच: ही पद्धत आम्ही करून पाहिली, चालत नाही.

साहेबांना सांगितलं. त्यांचा चेहराच पडला.

"मंग काटा नाव!"

"थांबा सर. यातलं एक सायटेशन त्याचं स्वतःचंच आहे."

"सेल्फ-सायटेशन? आपलीच वाहवा? ते तर पहिले वजा करा!"

"वाहवा नाही सर. वाचून तर पाहा."

राजूरकरने लिहिलं होतं, माझी पद्धत चुकली. ढगाळ उजेडात पानाचा रंग वेगळा दिसतो, त्यामुळे निदान फसतं. पुढे दुरुस्त केलेली पद्धत दिली होती. या पेपरचा दाखला मात्र कोणीच दिलेला नव्हता. साहेब शेवटच्या पानापर्यंत वाचत राहिले. चहा तसाच थंड झाला.

समितीसमोर त्यांनी राजूरकरला विचारलं, "आपल्याच विरोधात काहून लिहिलं बावा?"

राजूरकर म्हणाला, "शेतकरी भलत्याच रोगाची दवा मारून राहिले होते सर. चूप कसा राहू?"

तो परमनंट झाला. समितीने नियमही केला: यापुढे प्रत्येक उमेदवाराचे दोन पेपर पूर्ण वाचायचे. पुढच्या खेपेला मीटिंग संध्याकाळपर्यंत लांबली आणि सगळे मेंबर माझ्यावर चिडले.

मी काय करू? तुमचं नाव किती जणांनी घेतलं, ते कॉम्प्युटर सांगतो. काय म्हणून घेतलं, त्यासाठी वाचावंच लागतं.