आमच्या गुरुजींचा प्रॉम्प्ट

एआयकडून नीट लिहून घेता येतं असा अख्ख्या झाशीत मी एकच माणूस पाहिला, आणि त्या माणसाला लॅपटॉप उघडताही येत नव्हता. हा माणूस म्हणजे आमच्या सासरचे गुरुजी. माझं लग्न त्यांनीच लावलं, आणि त्यानंतर या घरात झालेली एकही पूजा दुसऱ्या कुणी सांगितलेली नाही. पूजेला नऊची वेळ ठरली की गुरुजी आठला दारात हजर, आणि मग आठ ते नऊ 'या घरात कशाची म्हणून वेळेवर तयारी नसते' यावर बोलणार. स्वतःचं आसन, स्वतःचा पेला आणि पंचांग, हे सगळं सायकलला अडकवलेल्या कापडी पिशवीत. बाजारात लोक त्यांना पंडिज्जी म्हणायचे आणि तेही अस्सल बुंदेली ठसक्यात हिंदी हाणायचे. पण आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की अशी जुनी मराठी सुरू व्हायची, की पुण्याहून आलेल्या माझ्या मावसबहिणीला निम्मे शब्द मला पुन्हा विचारावे लागायचे.

गुरुजींच्या सुखाला एकच टोचणी होती, ती म्हणजे नागपूरची मुलगी. झाशीतली मराठी घरं वर्षागणिक कमी होत चाललेली. कुणी पोरांकडे गेलं, आणि जी घरं राहिली त्यांतल्या पोरांना मराठी कळते पण उत्तर हिंदीतून येतं. मुलगी दर रविवारी फोनवर एकच विचारायची, "बाबा, तिथे आता तुम्हाला काम काय उरलंय?" गुरुजी म्हणायचे, "भरपूर आहे," आणि फोन ठेवून बराच वेळ पंचांग चाळत बसायचे. शेवटी तिने निर्वाणीचं सांगितलं, की दिवाळीपर्यंत खरोखर काम दिसलं तर राहा, नाहीतर सामान बांधा. गुरुजींनी हे आम्हाला श्रावणातल्या सत्यनारायणाच्या दिवशी सांगितलं, आणि नेमक्या त्याच दिवशी त्यांना नवीन काम सापडलं.

मी आल्याच्या वड्या करते. आलं जवळच्या बरुआसागरचं, बसने पोतं येतं. वड्या विकायला मी एक वेबसाइट काढली होती आणि तिच्यावरचा मजकूर एआयकडून लिहून घेत होते. मी त्याला सांगितलं होतं, 'आल्याच्या वड्यांबद्दल छान माहिती लिही.' त्याने लिहिलं, की ही वडी राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून आली असून तिची कृती पिढ्यान्‌पिढ्या गुप्त ठेवलेली आहे. माझी वडी माझ्या आईच्या डब्यातून आली आहे आणि तिची कृती मी विचारेल त्याला सांगते. तीर्थप्रसाद झाल्यावर गुरुजींनी चष्मा कपाळावरून खाली ओढून हा मजकूर वाचला आणि म्हणाले, "सूनबाई, तू त्याला सांगितलंस काय?"

"इतकंच. छान लिही म्हणून."

"म्हणजे संकल्प न सोडताच पूजा मांडलीस."

मग मला शाळेतल्या मुलीसारखं समोर बसवून त्यांनी समजावलं. पूजेच्या आधी हातात पाणी घेऊन आपण सांगतो, की मी अमुक ठिकाणी, अमुक नदीच्या काठी, अमुक तिथीला, अमक्याचा मुलगा, अमुक गोत्राचा, अमुक हेतूने, मिळालेल्या साहित्यानिशी हे अमुक कर्म करतो. "देवाला सगळं ठाऊक असतं, तरी आपण त्याला पत्ता सांगतो," गुरुजी म्हणाले. "या यंत्राला तर काहीच ठाऊक नाही, आणि तू त्याला नुसतं छान सांगतेस. ते बिचारं करणार काय? राजवाडाच बांधणार."

मग त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. झाशी, बेतवा नदीच्या अलीकडे, श्रावण. सांगणारी कोण, तर घरच्या स्वयंपाकघरात वड्या करणारी बाई. वाचणारा कोण, तर घर सोडून लांब राहणारा, घशाला आणि मनाला बरं वाटावं म्हणून वडी शोधणारा. साहित्य काय, तर आलं, साखर, दूध, बाकी काही नाही. मजकूर किती, तर एका श्वासात वाचून होईल इतका. "आणि न्यून सांग," ते म्हणाले. म्हणजे काय ते मला कळेना. "तुझ्या वडीत खोट काय आहे?" मला राग आला. माझ्या वडीत खोट काढायची हिंमत सासूबाईंनीही कधी केली नव्हती. गुरुजी शांतपणे वडी दाबून बघत म्हणाले, "पावसाळ्यात मऊ पडतात. लिही. आणि शेवटी लिही, जे मी सांगितलेलं नाही ते मनचं घालू नकोस, अडलं तर मला विचार." एवढं झाल्यावर सवयीने त्यांनी पळीभर पाणी सोडलं, ते थेट कीबोर्डवर. पुढे महिनाभर माझ्या लॅपटॉपवर दोन शब्दांत अंतर पडत नव्हतं, आणि तेव्हापासून गुरुजी आले की मी तांब्या आधी खिडकीत नेऊन ठेवायची.

पण मजकूर असा उतरला की मलाच वडी खावीशी वाटली. 'पावसाळ्यात या वड्या थोड्या मऊ पडतात, चवीत फरक नसतो,' हे वाक्य वाचून ग्वाल्हेरच्या एका बाईंनी कळवलं, की खरं बोलणारं दुकान पहिल्यांदाच पाहिलं. मी ते गुरुजींना वाचून दाखवलं. त्यांनी फक्त मान हलवली, पण दुसऱ्या दिवशी तेच मला तीनदा वाचायला लावलं.

बातमी बाजारात पसरायला वेळ लागला नाही. मऊरानीपूरचा तंबू-खुर्च्यांवाला आला, कोचिंगवाले आले, आमच्या ओसरीवर यजमानांची रीघ लागली. गुरुजी आसनावर, मी टाइप करायला. तंबूवाल्याला 'पूरे बुंदेलखंड में नंबर एक' असं लिहून हवं होतं. गुरुजींनी विचारलं, "भैया, कुर्सी कितनी हैं?"

"तीन सौ हैं पंडिज्जी।"

"साबुत?"

तंबूवाला घुटमळला. "दो सौ साठ मान लो।"

"तो दो सौ साठ लिखेंगे। बारात आके चालीस जने खड़े रहे, तो तुम्हारा नंबर एक कहाँ जाएगा?" कोचिंगवाल्यांना त्यांनी विचारलं, की हे वाचणार कोण, पोरगा का बाप? "दोनों," ते म्हणाले. "तो दो संकल्प लगेंगे," असं म्हणून गुरुजींनी दोन वेगवेगळे प्रॉम्प्ट सोडले, बापासाठी हजेरीचा आणि पोरासाठी शंका विचारायच्या वेळेचा. तिथी मात्र दोन्हींत. मी म्हटलं, "गुरुजी, कोचिंगला तिथी कशाला?" तर म्हणाले, "परीक्षा जवळ आली का होऊन गेली, हे त्याला कोण सांगणार?" पहिला मजकूर ते कधी घेत नसत. तीन आवर्तनं व्हायचीच, आणि प्रत्येक वेळी एकच दुरुस्ती सांगायची, कारण एकदम चार सांगितल्या की यंत्रही यजमानासारखं गोंधळतं, असं त्यांचं मत. दक्षिणा म्हणून नारळ आणि माझ्या दोन वड्या. रविवारच्या फोनवर आवाज चढलेला असायचा, "अगं, मला इथे बसायला फुरसत नाही."

नवरात्र संपलं, तशी मला एक युक्ती सुचली. ती माझीच होती, तिचा दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही. मी म्हटलं, "गुरुजी, सगळ्यांची पानं झाली, आता तुमचं काढू. पूजा सांगणारे गुरुजी म्हणून. लांबची घरंही मिळतील, आणि मुलीला सरळ पानच दाखवता येईल." गुरुजी लाजले, पण आसन झटकून बसले. झाशी, बेतवेच्या अलीकडे, आश्विन. सांगणारा कोण, हे झरझर झालं. पुढे मी सवयीने विचारलं, "वाचणारा कोण?" आणि गुरुजी थांबले. बोटांवर घरं मोजायला लागले. एक घर भोपाळला गेलेलं, एक इंदूरला, एका घरात आता फक्त कुलूप. दुसऱ्या हाताला जायची वेळच आली नाही. "न्यून?" मी हळूच विचारलं. "गुडघे," ते म्हणाले. "तासाच्या वर बसवत नाही. लिही."

मजकूर आला. नियमाप्रमाणे त्यात मनचं काही नव्हतं. 'गुरुजींनी झाशीतल्या मराठी घरांत जन्मभर पूजा सांगितल्या. आता चार घरं उरली आहेत. त्यांना तासाहून अधिक बसता येत नाही.' मी घाईघाईने म्हटलं, "थांबा, दुसरं आवर्तन करू, अनुभवी वगैरे घालू." गुरुजींनी माझा हात कीबोर्डवरून बाजूला केला. "नको. खरं उतरलंय." मी म्हटलं, "आणि ही बाहेर बसलेली माणसं? ते काम नाही का?" ते हसले. "ते आता तुला येतं." मग पिशवीत पंचांग ठेवता ठेवता म्हणाले, "नागपूरला संकल्पात गोदावरीचं उत्तर तीर म्हणावं लागेल. जन्मभर बेतवा म्हटली मी." मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. रविवारी त्यांनी फोनवर मुलीला सांगितलं, "येतो." एवढंच.

दिवाळी आमच्याकडे करून गुरुजी गेले. स्टेशनवर आठच्या गाडीला सातला पोहोचले, आणि आम्ही सव्वासातला आलो म्हणून बोलले. त्यानंतर ओसरीवरचं काम मीच करते. तंबूवाला अजून येतो, आणि कुर्सी कितनी हैं हे आता मी विचारते. सगळं त्यांच्यासारखंच करते, फक्त ज्येष्ठात मी माझ्या पानावरून ते मऊ पडण्याचं वाक्य गुपचूप काढून टाकलं. आपल्या वडीची खोट जगाला किती दिवस सांगायची?

आठवड्याच्या आत नागपूरहून, गुरुजींच्या मुलीच्या नंबरवरून, वड्यांची मागणी आली. नाव, गोत्र, सगळं भरलेलं. शेरा लिहायच्या चौकटीत होतं, 'मऊ पडण्याचं वाक्य दिसत नाही. परत घालणे.' आणि पत्त्याच्या चौकटीत घर, गल्ली, नागपूर हे सगळं नीट लिहून पुढे, 'बेतवेच्या अलीकडे.' त्याखाली आणखी एक ओळ होती, 'पत्ता नागपूरचाच धरावा. नदी अजून बदलवत नाही.'

वाक्य मी त्याच दुपारी परत घातलं. पुड्यावर पत्ता लिहिताना बेतवा मात्र तशीच ठेवली. पुडा व्यवस्थित पोहोचला.