न पाहिलेला नीनोंग

"क्लेओफेच्या दारी आलेला माणूस उपाशी जात नाही, आणि जेवून उठला की परका राहत नाही," असे वस्तीतले लोक म्हणत. सेबू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील त्या कोळीवस्तीत ही स्तुतीच होती. माडाच्या पातीच्या विणलेल्या पिशव्यांत भात शिजवून क्लेओफे तो विकत असे. मुलगी कुवेतला घरकामाला. तिची लेक झायरा आजीपाशी वाढत होती.

फोनवरच्या एका खेळात झायराला रामिल नावाचा माणूस भेटला. जहाजावर इंजिनिअर आहे, म्हणाला. खात्यावर जहाजी गणवेशातला फोटो होता, पण व्हिडिओवर चेहरा कधी दिसला नाही. समुद्रात तेवढी रेंज नसते, असे तो सांगे. एकदा आजीशी बोलून झाल्यावर तिला 'लोला', म्हणजे आजी, अशी हाक मारून म्हणाला, "लोला, आशीर्वाद द्या. मी कपाळ फोनला टेकवलंय." वडीलधाऱ्यांचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घ्यायची तिथली रीत; क्लेओफेने हाताची पालथी बाजू काळ्या पडद्यावर ठेवली. घरची पोरेदेखील हल्ली इतकी रीत पाळत नाहीत, हे तिने कौतुकाने शेजारी जाऊन सांगितले. पुढे त्याच्याकडून झायरासाठी शाळेचे बूट आले.

त्या वर्षी चर्चमध्ये झायराचा दृढीकरणविधी होता. त्यासाठी नीनोंग, म्हणजे धर्मपिता लागतो. दूर असलेल्याच्या जागी दुसऱ्याने उभे राहण्याची मुभा असते. क्लेओफेने रामिलचे नाव दिले. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून शेजारचा इस्तोय उभा राहिला. ज्याला कोणी प्रत्यक्ष पाहिले नव्हते, तो माणूस अशा रीतीने घरचा झाला.

त्यानंतर त्याचे फोन वाढले आणि झायरा फोन लपवू लागली.

"लोला, मला नाही बोलायचं त्याच्याशी."

"त्याच्याशी? अगं, नीनोंग आहे तो तुझा! पायातले बूट कुणी दिले? नीनोंगला नाही म्हणायचं नसतं. उचल."

मुलगी फोन घेऊन मागच्या बाजूला गेली. क्लेओफे पाती विणत राहिली.

हळूहळू झायराचे जेवण सुटले. एका दुपारी ती चुलीमागे करवंट्यांच्या ढिगात फोन पुरताना सापडली. क्लेओफेने हात धरला तशी तिने सगळे सांगितले. त्याने आधी तिचा शाळेच्या गणवेशातला फोटो मागितला होता, मग कपड्यांशिवायचे. आता म्हणत होता, रविवारी शहरातल्या धक्क्यावर एकटी ये, नाहीतर फोटो तुझ्या आईला आणि शाळेत पाठवीन.

"मला का नाही सांगितलंस, बाळा?"

"सांगितलं होतं. तूच म्हणालीस, नाही म्हणायचं नसतं."

 क्लेओफेने उठून नारळ फोडायचा कोयता उचलला. फोन दगडावर ठेवला तेवढ्यात आवाज ऐकून शेजारून इस्तोय आला.

"फोड, मानांग," थोरल्या बहिणीला मारायची हाक मारून तो म्हणाला, "फोड आणि विषय संपव. चर्चमध्ये मी उभा होतो, माझंही नाव निघेल. पोरीचीही अब्रू जाईल."

तो घाईने 'फोड' म्हणाला, तेव्हाच तिचा हात थांबला; याला सगळे झाकायचे आहे आणि आपणही तेच करतोय, हे तिला कळले. फोन छातीशी धरून, नातीला सोबत घेऊन ती तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेली.

तिथल्या पोलीस बाईने आधी झायराला पाणी दिले. "तुझी काही चूक नाही," असे तिच्याकडेच पाहून म्हणाली, आणि मग आजीकडे वळली. "फोडला नाहीत हे बरं केलंत. त्याचं सगळं बोलणं यात आहे. आता त्याला उत्तर द्यायचं नाही, आणि पोरीनं कुठंही जायचं नाही."

रविवारी साध्या वेशातले पोलीस धक्क्यावर थांबले. कोणी आले नाही. रामिल हे नाव खोटे निघाले, खात्यावरचा जहाजी गणवेशातला फोटो दुसऱ्याच कुणाचा. झायराचे फोटो कुठवर गेले, हे कोणालाच सांगता येईना. कुवेतहून झायराची आई फोनवर नुसती रडत होती.  विणलेल्या पिशव्या रिकाम्याच सुकत पडल्या. झायरा शाळेचे नाव काढले की भिंतीकडे तोंड करी.

एके सकाळी क्लेओफे बळेच तिला हाताशी धरून शाळेत निघाली. नळावर बायका होत्या. त्यांतली सोलिंग मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "एवढीशी पोर, पण फोटो पाठवायची अक्कल बरी आली! कुणी शिकवलं गं?"

झायराचा हात सुटू पाहत होता. क्लेओफेने तो घट्ट धरला आणि थांबून म्हणाली, "मी शिकवलं. त्याला घरात मी आणलं, चर्चमध्ये नाव मी दिलं, फोन उचल म्हणून मी दटावलं. थुंकायचं तर माझ्यावर थुंक, सोलिंग. आणि आता बाजूला हो, पोरीला शाळेला उशीर होतोय."