आमच्या गाडीचा डॅशबोर्ड मी काळा केला

आधी चहा घ्या, मग सांगते. हसायचं असेल तर खुशाल हसा, पण एक गोष्ट आत्ताच कबूल करा. सहा दिवस मी जे काम केलं, ते अख्ख्या मालवणात दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं! सातव्या दिवशी काय केलं ते विचारू नका. बरं, विचारा. तेवढ्यासाठीच तर बसलोय आपण.

आमची गाडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. इंजिन ठणठणीत, पण आत बघवत नव्हतं. डॅशबोर्डचं व्हिनाइल उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने विटलेलं. त्यात दर दसऱ्याला अप्पाकाका त्यावर खोबरेल तेल चोळायचे. अप्पाकाका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, गाडीचे अर्धे मालक. तेलावर धूळ, धुळीवर पुढच्या दसऱ्याचं तेल. वीस-बावीस वर्षांत तिथे अशी तपकिरी, चिकट साल तयार झाली होती की हात टेकला तर उचलताना चर्रकन आवाज यायचा!

शेवटी दोघा भावांनी ठरवलं, गाडी कसालच्या भंगारवाल्याला द्यायची.

मी उसळले. "चालणारी गाडी भंगारात? वस्तू जुनी झाली की फेकायची, मग दुरुस्त करायला शिकणार कोण?" भाषण करताना मी पुस्तकी मराठीत जाते, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

"झाला भाषण?" अप्पाकाका म्हणाले. "आता त्या डॅशबोर्डाक हात लावन दाखव."

बाबांनी तोडगा काढला. "सोमवारी दादाक कणकवलेक सत्काराक जावचा आसा. गाडी तू चालव. कसालाक चायेक थांबया. तंवसर दादान तक्रार केल्यान, तर गाडी थंयच भंगारवाल्याकडे. नाय केल्यान, तर गाडी ऱ्हवतली."

म्हणजे कसालपर्यंत काकांची एकही तक्रार नको, की गाडी वाचली. झालं! मी गाडीवर ताडपत्री टाकली आणि जाहीर केलं, सोमवारपर्यंत कुणी आत डोकवायचं नाही. मऊ टूथब्रश, कोमट पाणी, साबणाचा फेस. वीतभर जागा घासायची, पुसायची, पुन्हा घासायची. पाठ मोडली, नखं गेली, पण सहा दिवसांत ती साल अशी निघाली, की काय सांगू! चिकटपणाचं नाव नाही.

फक्त खालून निघाला तो राखाडी रंग.

आता मी आजवर पाहिलेले सगळे डॅशबोर्ड काळे. घासून घासून मी रंगच काढला की काय? बाबांना विचारायचं ना? विचारलं असतं तर मग मी कसली!

रविवारची सकाळ होती. गाडी काढली आणि थेट दाजींच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात नेली. दाजी आमच्या वाडीचे मूर्तिकार. श्रावण सरत आलेला, शाळेत पाय ठेवायला जागा नाही, आणि दाजी एकेका उंदराला काळा रंग मारत बसलेले. हातात रंगाचा स्प्रे! मला साक्षात देवच दिसला म्हणा ना.

"दाजी, डॅशबोर्ड काळो करून देवा. अर्ध्या तासाचा काम."

"अगो, पण ह्यो गणपतीचो रंग."

"काळो आसा मां? मगे झाला!"

"आसा काळो, पण ऐक तरी..."

"दाजी, येळ नाय!"

दाजींनी कपाळाला हात लावला आणि स्प्रे उचलला. अर्ध्या तासात डॅशबोर्ड असा काळाभोर झाला, की मी अकरा फोटो काढले.

सोमवारी पाऊस धो धो. अप्पाकाका पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट घालून पुढे, बाबा मागे. काकांनी डॅशबोर्ड पाहिला. पाहतच राहिले.

"बरो केलंस गो," ते म्हणाले. अप्पाकाकांच्या तोंडून हे दोन शब्द! मी गाडी नाही, विमान चालवत होते.

त्यांच्या बाजूची काच वरून दोन बोटं बंद होत नाही. तिथून आत तुषार. शिवाय माझं चालवणं! प्रत्येक वळणावर काका दोन्ही हात डॅशबोर्डवर रोवत आणि वळण सरलं की कपाळाचा घाम पुसत. माझी नजर रस्त्यावर, बाबांना डुलकी.

कसाल आलं. एकही तक्रार नाही! मी टुणकन उतरले आणि चहाच्या टपरीवर जो दिसेल त्याला बोलावू लागले. "येवा, बघा! बावीस वर्सांचो डॅशबोर्ड! हात लावन बघा!"

चौघांनी लावला. चौघांनीही मग हाताकडे पाहिलं. आणि मग माझ्याकडे.

तेवढ्यात टपरीवाली बाई ओरडली, "अगे बाय! ह्या काकांच्या तोंडाक काय झाला?"

काका उतरले होते. कपाळावर चार बोटं, गालावर अख्खा पंजा, आणि शर्टाबद्दल तर बोलूच नका!

मी दाजींना फोन लावला. "दाजी, खयचो रंग मारलात?"

"तुझोच!" दाजी कडाडले. "तीन वर्सां माझ्या डोक्यावर बसलंस मां, पाण्यात पडल्याबरोबर इरघळतलो असोच रंग आणा म्हणान? तुझ्या हट्टान आणलेलो रंग तो. सांगूक गेलंय, तर ऐकलंस?"

हो. गणपतीचे रंग पाण्यात विरघळणारेच हवेत, ही मोहीम माझीच. कॉलेजात सह्या गोळा केल्या होत्या. आणि सांगते, रंग खरोखरच उत्तम विरघळतो. शंकाच नको!

टपरीवालीने बादली आणि फडकं दिलं. मी मान खाली घालून पुसायला लागले. चारदा फडकं फिरवलं, काळा रंग गेला आणि खालून तो स्वच्छ, मऊ, एकसारखा राखाडी वर आला.

बाबा वाकून बघत राहिले. "दादा, आठवता? नवी आणली तेव्हा असोच होतो रे!"

काकांनी बोट फिरवलं. बोट चिकटलं नाही, आवाजही आला नाही. म्हणजे काय, कळलं ना? काम रविवारी सकाळीच फत्ते झालं होतं! खरा रंग मी माझ्या हातांनी वर आणला होता, आणि माझ्याच हातांनी झाकायला नेला होता!

"मगे दादा, गाडीची तक्रार?" बाबांनी विचारलं.

"गाडीची एक पण तक्रार नाय," मान पुसत काका म्हणाले. "गाडी ऱ्हवांदे. हिका सोड हंय."

आणि सोडलं की हो! काकांनी बाबांचा शर्ट चढवला, बाबांनी रेनकोट, आणि माझी वाचवलेली गाडी दिमाखात कणकवलीला गेली. मी मालवणच्या सहा आसनी रिक्षात जाऊन बसले. ड्रायव्हरने माझे कोपरापर्यंत काळे हात पाहिले.

"गाडयेचा काम करतंस काय गो?"

इतकी मोठी गाडी जिंकल्यावर नाही कसं म्हणणार? मान ताठ करून म्हटलं, "होय तर!"

"मगे बरां झाला. खाली उतर आणि बघ जरा. सकाळपासून ही चालू होना नाय."

आणि मी उतरले!